साठीचा कॅप्टन आणि उरलेले तीन देश

साठी बुद्धी नाठी असं आपण नुसतं म्हणतो, विमानवाल्यांनी त्याचा नियमच करून ठेवला होता, साठी झाली की पायलटने विमान उडवायचं नाही. आणि त्या नियमात मेडिकल कमी, बाकीच्या भानगडी जास्त.

ऑस्ट्रेलियन विमान कंपनी क्वांटासच्या जॉन क्रिस्टीचंच घ्या. जंबोचा कॅप्टन, १९९४ मध्ये साठ पूर्ण, लायसन्स चालू, ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात पायलटला वयाची मर्यादाच नाही, तरी कंपनीने घरी बसवलं. का, तर तेव्हाचा आंतरराष्ट्रीय नियम असा की कॅप्टन साठीच्या वरचा असेल तर कुठलाही देश त्याला आपल्या हद्दीत यायला नाही म्हणू शकतो, आणि बहुतेक देश म्हणायचेच. मग उरलं काय? न्यूझीलंड, फिजी आणि इंडोनेशियातलं बाली! पठ्ठ्या म्हणाला चालेल, तेवढेच द्या. कंपनी म्हणाली अहो रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) कसं लावायचं, पायलट लोक हव्या त्या फ्लाइट्ससाठी बिड करतात, म्हणजे मागणी नोंदवतात, जवळच्या सगळ्या फेऱ्या तुम्हालाच दिल्या तर बाकीच्यांनी काय करायचं. प्रकरण तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेलं आणि १९९८ मध्ये क्रिस्टी हरला. त्याच्या तब्येतीवर कुणाचाच आक्षेप नव्हता, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

अमेरिकेत तर अजून मजा. १९५९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी एफएएचे, म्हणजे तिथल्या सरकारी विमान नियामकाचे, प्रमुख क्वेसाडांना पत्र लिहून साठीची मर्यादा मागितली, १९६० मध्ये ती लागू झाली, आणि पद सोडल्यावर हे क्वेसाडा कुठल्या कंपनीच्या बोर्डावर गेले ओळखा बघू. बरोब्बर, अमेरिकन एअरलाइन्सच्याच! पुढे १९८९ मध्ये युनायटेडच्या फ्लाइट ८११ चा कार्गोचा दरवाजा हवेत उडाला, नऊ प्रवासी गेले, उजवीकडची दोन्ही इंजिनं बंद, आणि तरी ते विमान होनोलुलूला परत उतरवणारे कॅप्टन डेव्हिड क्रोनिन ५९ वर्षांचे होते, म्हणजे नियमाप्रमाणे लवकरच निकामी.

२००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादा ६५ झाली, शेजारचा पायलट साठीच्या आतला हवा या अटीवर, ती अट २०१४ मध्ये गेली. अमेरिका २००७ च्या डिसेंबरात ६५ वर आली. २०२३ मध्ये तिथल्या खालच्या सभागृहाने ६७ करायचं मंजूर केलं पण २०२४ च्या अंतिम कायद्यात ते राहिलंच नाही, पायलटांची मोठी युनियनच विरोधात होती. हीच युनियन सुरुवातीला साठीच्या नियमाविरुद्ध भांडत होती, मग नियमाच्या बाजूने गेली, २००७ मध्ये परत पलटली. कारण सरळ आहे, सिनियॉरिटी. वरचा एक कॅप्टन गेला की खालची अख्खी रांग एक घर पुढे सरकते, त्यामुळे रांगेत तुम्ही कुठे उभे आहात त्यावर तुमचं मत ठरतं.

जपानने आपल्यापुरतं ६७ पर्यंत चालवून घेतलंय, आपल्याकडे भारतात ६५, आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी मेडिकल. माझं म्हणाल तर ते मेडिकल अजून कडक करा हवं तर, ट्रेडमिल, डोळे, मेंदूची टेस्ट, सिम्युलेटर सगळं घ्या, पण जो पास होईल त्याला उडवू द्या की. आमच्या मावशीचा मुलगा को-पायलट आहे, प्रमोशनची वाट बघतोय, तो हे वाचून फोन करणार हे नक्की.