७०० की ७२५?

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून गाणं थांबलं की बारीक गुणगुण ऐकू यायची. फिल्टरचे कपॅसिटर बदलले, अर्थच्या तारा नव्याने ओढल्या, फरक पडला नाही. एकदा आतला चौकोनी ट्रान्सफॉर्मर सैल करून जरा फिरवला, तर आवाज कमी-जास्त झाला. त्याचं चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडत होतं आणि तेच सर्किटमध्ये शिरत होतं. टोरॉइड, म्हणजे गोल कडीवर तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, तसा नसतो. त्याची कडी म्हणजे सिलिकॉन स्टीलची सलग गुंडाळलेली पट्टी. तिच्यात सांध्याची फट नसते, म्हणून क्षेत्र बरंचसं आतच फिरतं. असा टोरॉइड मी स्वतः गुंडाळायचं ठरवलं.

पुण्याच्या जुन्या बाजारात एक जळका टोरॉइड मिळाला. तार कापून कडी मोकळी केली: बाहेरचा व्यास ११० मिमी, आतला ६०, उंची ५०. छेद १२.५ चौरस सेंटीमीटर, पट्ट्यांमधल्या फटी वजा जाता सुमारे ११.९. हे स्टील जास्त सोसतं, तरी कडीतलं चुंबकीय क्षेत्र मी १.२ टेस्लाच धरलं, कारण आमच्याकडे रात्री लाइन २५० व्होल्टपर्यंत चढते आणि टोरॉइड एकदा संपृक्त व्हायला लागला, म्हणजे लोखंडात आणखी क्षेत्र मावेनासं झालं, की करंट झपाट्याने वाढतो. हिशेब आला व्होल्टला ३.१५ वेढे, म्हणजे २३० व्होल्टला ७२५. मला २५-०-२५ व्होल्ट, ४ अँपिअर हवे होते. त्यासाठी प्रायमरीला, म्हणजे लाइनच्या बाजूच्या वेढ्यांना, २३ गेजची तार आणि सेकंडरीला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला, १८ची; गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. तपकीर गल्लीत तार किलोवर मिळाली.

खरी अडचण लोखंडाची नसते, भोकाची असते. टेप लावल्यावर आतला घेर उरला १८२ मिमी, म्हणजे एका थरात जेमतेम २७० वेढे. बाहेरच्या बाजूला त्याच वेढ्यांमध्ये फटी राहतात, आत मात्र तार तारेला खेटून बसते. शिवाय ज्याच्यावर तार भरतात तो धोटा शेवटच्या वेढ्यापर्यंत भोकातून गेला पाहिजे. धोट्यासाठी मी प्लायवूडची २५ सेमीची पट्टी घेऊन दोन्ही टोकांना खाचा केल्या, कडा घासल्या आणि तिच्यावर १२० मीटर तार भरली. कडीच्या धारा घासून आधी सुती टेप, मग पॉलिस्टर फिल्म. फॅरेडेने १८३१च्या ऑगस्टमध्ये ज्या लोखंडी कडीवर विद्युत प्रवर्तन पाहिलं, तिच्यावरही तारांच्या थरांमध्ये सुती कापडच होतं. टेप ओढताना मला ते सारखं आठवत होतं.

दर २५ वेढ्यांना कागदावर एक रेघ. २९ रेघा झाल्या की काम संपलं. दोन संध्याकाळी छान गेल्या. तिसऱ्या दिवशी अठ्ठाविसाव्या रेघेच्या आसपास वीज गेली. ती परत आली तेव्हा ती रेघ मी वेढे पुरे झाल्यावर मारली होती की आधीच, हे काही केल्या आठवेना. तसंच पुढे जाऊन २९ पूर्ण केल्या, पण मनात राहिलंच: हे ७०० आहेत की ७२५?

उत्तर ट्रान्सफॉर्मरनेच दिलं. वर प्लास्टिकच्या वायरचे बरोबर १० वेढे घेतले आणि प्रायमरी ६० वॉटच्या बल्बच्या सिरीजमध्ये जोडली. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला, म्हणजे आत शॉर्ट नव्हता. लाइन सतत हलते म्हणून दोन मल्टिमीटर एकाच वेळी वाचले: प्रायमरीवर २३२, दहा वेढ्यांवर ३.३१. भागाकार ७०१. एक रेघ जास्त मारली गेली होती. आणखी २५ वेढे घातले, आकडा ३.२०वर आला. त्या रात्री मला शांत झोप लागली.

सेकंडरीला धोटा चालत नाही, १८ गेजची तार फार ताठ. दोन तारा जोडीने घेऊन मधोमधून सुरुवात केली, त्यामुळे एका वेळी आठच मीटर भोकातून ओढावी लागली. लोडवर पडणारं व्होल्टेज धरून ८२ वेढे. मग एकीचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडून मधला टॅप काढला. मेगरवर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर, ते तपासूनच वर टेप गुंडाळला. लोड नसताना दोन्ही बाजूंना २६.२ व्होल्ट मिळाले.

बसवताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कडीच्या भोकातून जाणाऱ्या मधल्या बोल्टची दोन्ही टोकं धातूच्या पेटीला टेकली, तर बोल्ट आणि पेटी मिळून एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. बोल्टचं वरचं टोक आणि पेटीचं झाकण यांच्यात मी दोन सेंटीमीटर जागा मोकळी ठेवली आहे.

आता गाणं थांबलं की स्पीकरला कान लावूनही गुणगुण ऐकू येत नाही, फक्त ट्विटरची हलकी सळसळ येते.