चेंबूरच्या आंब्याची काळी पानं

डिसेंबरातली गोष्ट. चेंबूरच्या एका सोसायटीतून माझ्याकडे तपासणीला पिशवीभर आंब्याची पानं आली. सोबत चिठ्ठी होती: ‘प्रदूषणाने झाड काळं पडलंय, तसा दाखला मिळावा.’ पिशवी प्लास्टिकची, आतून घामेजलेली. बंद ओलाव्यात एका रात्रीत पानावरच्या बुरशीचा सगळा हिशेब बदलतो. ती पानं बाजूला ठेवली आणि कागदी पाकिटं घेऊन झाडापाशीच गेलो.

तिथे दिसलं की काळेपणा एक नाही, दोन आहेत. रस्त्याकडच्या फांद्यांवर राखाडी थर होता, ओल्या कापसाने पुसताच खाली हिरवं पान. आतल्या फांद्यांवर मात्र मखमली काळा पापुद्रा, नखाने सोललं की पातळ पडद्यासारखा सुटणारा. वर कोवळ्या शेंड्यांवर तुडतुडे बसलेले. त्यांनी टाकलेला गोड चिकट द्रव खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर कॅप्नोडियम नावाची काळी बुरशी वाढते. ती पानात शिरत नाही, फक्त उजेड अडवते. या काळेपणाचं मूळ धुरात नव्हे, तुडतुड्यांत आहे. सेक्रेटरी काकांना हे पटायला वेळ लागला, कारण झाडाशेजारीच टॉवरचं काम चालू होतं आणि त्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती.

खरा प्रश्न राखाडी पानांचा होता. पानावर डोळ्यांना न दिसणारं गुलाबी यीस्ट राहतं, स्पोरोबोलोमायसीज. बीजाणूच्या टोकाला पाण्याचा सूक्ष्म थेंब तयार होतो आणि त्याच्या जोरावर ते बीजाणू हवेत फेकतं. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड वायू त्याला मानवत नाही, म्हणून युरोपात हवेची पारख करायला ते वापरलं गेलं. ब्रिटनच्या कोळशाच्या धुरातल्या शहरांत गुलाबावरचा काळा ठिपका रोगही याच वायूमुळे दुर्मीळ होता.

ते पानावर आहे का हे पाहायची पद्धत सोपी, पण चुका सहज होतात. कॉर्क बोररने, म्हणजे धारदार नळीने, पानाच्या 8 मिलिमीटरच्या चकत्या कापायच्या, पेट्रोलियम जेलीने काचेच्या उथळ डिशच्या झाकणाला आतून चिकटवायच्या. खाली 2 टक्के माल्ट अगार, म्हणजे बुरशी वाढवायची जेली, त्यात जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल. माल्ट अगार 121 अंशांवर 15 मिनिटांपेक्षा जास्त शिजवला तर तो आम्लामुळे मऊ पडतो. चोवीस तासांनी चकत्यांचं झाकण काढून स्वच्छ झाकण लावायचं. यीस्ट असेल तर प्रत्येक चकतीच्या बरोबर खाली गुलाबी ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.

तुलनेला बोरिवलीच्या नॅशनल पार्कजवळचा आंबा घेतला. चौथ्या सकाळी झाकणं उघडली. बोरिवलीच्या डिशांत गुलाबी वर्तुळं, चेंबूरच्यात एकही नाही. तिथे अ‍ॅस्परजिलस नायजरची काळी भुकटी आणि सगळं झाकून टाकणारं रायझोपस, दोन्ही बुरश्या. दाखला लिहायला हात शिवशिवावा असंच चित्र.

पण अ‍ॅस्परजिलस आणि रायझोपस पानाचे रहिवासी नव्हेत, ते धुळीतून गळून पडले होते, कारण चकत्या आधी निर्जंतुक पाण्यात हलवून घेतल्याच नव्हत्या. दुसरी चूक मोठी: बोरिवलीची पानं गडद, जुनी, चेंबूरची हाताला लागली ती नव्या पालवीची. कोवळ्या पानावर यीस्ट मुळातच कमी असतं. वय वेगळं असलेल्या दोन पानांची तुलना करून हवेला दोष देता येत नाही.

पुन्हा नमुने घेतले: त्याच उंचीवरची, मागच्या मोसमातली पानं, एकाच सकाळी, चकत्या धुऊन. रायझोपसला आवर घालायला अगारमध्ये रोझ बेंगाल हा रंग. या वेळी चेंबूरच्या आतल्या फांद्यांवर गुलाबी वर्तुळं आली, रस्त्याकडच्या पानांवर तुरळक ठिपके. राखाडी थर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून आम्लता मोजणारी पीएच पट्टी बुडवली, ती 8 च्या पलीकडे, म्हणजे अल्कधर्मी बाजूला गेली. सिमेंटची धूळ. यीस्टला किंचित आम्ल पृष्ठभाग आवडतो. चुन्यासारखा थर तो पृष्ठभागच बदलून टाकतो. रस्त्याच्या धुराचा वाटा किती, हे या डिशांवरून वेगळं काढता येत नाही, आणि सल्फर डायऑक्साइडचं नाव तर घेताच येत नाही.

अहवालात तेवढंच लिहिलं. आतल्या काळ्या पापुद्र्यासाठी आधी तुडतुड्यांचा बंदोबस्त, मग लिटरला 50 ग्रॅम मैद्याची पातळ खळ शिजवून गार झाल्यावर फवारायची. वाळली की पापुद्र्यासकट गळते. राखाडी पानांसाठी बांधकामाला हिरवी जाळी आणि आठवड्यातून एकदा पाण्याचा फवारा. पुढचे नमुने फेब्रुवारीत, त्याच फांद्यांवरून. फांद्यांना सुतळी बांधून ठेवली आहे.