बटणांचा फोन अजून चालतोय

मी मोबाइल दुरुस्त करतो. त्यामुळे ‘डिजिटल तंत्रज्ञान आणि शाश्वत विकास’ असं काही वाचायला घेतलं की आधी एकच गोष्ट शोधतो: वस्तू बिघडल्यावर काय करायचं? बहुतेक अहवालांत ती बिघडतच नाही.

केनियाच्या एम-पेसाचं, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेचं, उदाहरण सगळे देतात, आणि ते द्यावं असंच आहे. २००७ मध्ये ते सुरू झालं. पुढे तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अभ्यासकांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला, की त्यामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं गरिबीतून वर आली. बायकांच्या हाती कारभार असलेल्या घरांना फायदा जास्त झाला. मला मात्र त्यातलं वेगळंच आवडतं. हे सगळं सिमकार्डातल्या मेनूवर चालायचं. इंटरनेट नको, टचस्क्रीन नको. बटणांचा, कुणीतरी वापरून विकलेला फोनही पुरे. रोख पैसे भरायला आणि काढायला जवळच्या दुकानात एजंट बसलेला. म्हणजे नवी सोय आली, पण त्यासाठी हातातला फोन भंगारात टाकावा लागला नाही.

हे महत्त्वाचं का, तर स्मार्टफोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. चार्जिंगचा भाग त्यामानाने किरकोळ. त्याच्या बॅटरीतलं कोबाल्ट बहुतेक वेळा काँगोच्या खाणींतून आलेलं. फोन दोन वर्षं जास्त चालला, तर तेवढी खोदाई पुढे ढकलली जाते. बॅटरी फुगली म्हणून अख्खा फोन टाकणाऱ्यांचा मला राग येतो, तो काही फक्त धंदा बुडतो म्हणून नाही.

हप्त्यांवरच्या सौरदिव्यांबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. केनियातल्याच एम-कोपासारख्या कंपन्या थोडी रक्कम आधी घेतात, बाकीची रोजच्या हप्त्यांत मोबाइलवरून. रॉकेलच्या धुरात बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण हप्ता चुकला की दिवा दुरूनच बंद होतो. आणि असा कुलूपबंद डबा बिघडला, तर माझ्यासारख्याने तो उघडायचा कसा?

२०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन रीसायकलिंगला गेल्याची नोंद जेमतेम २२.३ टक्क्यांची. घानातल्या अक्रा शहरातल्या अगबोगब्लोशी या भंगारबाजाराचे फोटो तुम्ही पाहिले असतील, तांब्यासाठी वायरी जाळणारी पोरं. त्या फोटोंत एक गोष्ट दिसत नाही: त्याच परिसरात जुनी यंत्रं उघडून, जुळवून पुन्हा विकणारे कारागीरही होते. खरा शाश्वत विकास ते करत होते, पण त्यांचा फोटो कोण काढणार!

आता हार्डवेअर धडधाकट असतानाही फोन मरतात. सॉफ्टवेअरचे अपडेट थांबतात, मग बँकेचं ॲप उघडत नाही. यावर माझ्या सोल्डरिंग आयर्नचा काही उपयोग नाही. युरोपीय संघाने जून २०२५ पासून नियम लागू केला: मॉडेलची विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग ७ वर्षं आणि अपडेट किमान ५ वर्षं द्यायचे. चांगला नियम आहे. पण घड्याळ तिथली विक्री थांबल्यापासून सुरू होतं, आणि तोच फोन वापरून झाल्यावर आफ्रिकेत किंवा आशियात पोचेपर्यंत त्यातली काही वर्षं सरलेली असू शकतात. तिथल्या कारागिराला भाग कुणी द्यायचे, हे हा नियम सांगत नाही.