पाठ तेवढी दिसली

दुपारी जेवून आडवं झालं की मोबाइलवर खेळांचे माहितीपट लावायची मला खोड आहे. त्यातलं व्हायोलिन वाजायला लागलं की मात्र मी पुढं ढकलतो. खेळाडू अजून पॅडच बांधत असतो आणि ही मंडळी आपल्याला आधीच रडायला बसवतात.

गेल्या रविवारी ढकलवेना. १८ जून १९८३, क्रिकेटचा विश्वचषक, इंग्लंडातलं टनब्रिज वेल्स. झिम्बाब्वेपुढं ५ बाद १७, आणि तिथून कपिलदेवच्या नाबाद १७५. त्यातला एक चेंडूही दाखवता येत नाही, कारण बीबीसीचा कॅमेराच त्या दिवशी मैदानावर नव्हता. मग काय, फोटो, धावफलक आणि आठवणी सांगणारी म्हातारी माणसं. एकजण हात लांब करून षटकार कुठं पडला ते दाखवत होता.

तसे हात आजोबा करायचे.

माझं आजोळ कराडजवळ. आजोबांकडं खेळाची गोष्ट एकच, खाशाबा जाधवांच्या मिरवणुकीची. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकहून कुस्तीचं ब्राँझपदक घेऊन खाशाबा आले, तेव्हा कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्या होत्या म्हणतात. आजोबांच्या तोंडी त्या कधी शंभर, कधी दोनशे. जेवणात काय होतं त्यावर. त्यातली एक आमची, आणि गाडीत दहा वर्षांचे आजोबा.

लेझीम रंगात आली आणि सर्जाच्या घुंगरमाळेतला एक घुंगूर तुटून पडला. घरी गेल्यावर वडील सोलून काढणार, म्हणून आजोबांनी गाडीतून उडी टाकली. पुढची सगळी मिरवणूक त्यांनी चाकांच्या आणि पायांच्या मधून बघितली. शेण, चिखलात कालवलेला गुलाल, कुणाची तरी एकच वहाण. हे सांगायला त्यांना अर्धा तास लागायचा.

"आणि खाशाबा?" आम्ही पोरं विचारायचो.

"पाठ दिसली."

"नुसती पाठ?"

"नुसती? आरं, अशी हुती!" म्हणून ते दोन्ही हात पसरायचे. दरवर्षी वीतभर जास्त.

पुढं मी वाचलं, की जपानच्या इशीशी झुंजून दमलेल्या खाशाबांना विश्रांती न देता सोव्हिएत पैलवानापुढं उभं केलं, आणि भांडायला आपला कुणी अधिकारी तिथं नव्हता. मी हे तावातावानं आजोबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "तुटला कसा म्हन्तो मी. दोरा तर नवा घातलेला."

माहितीपट संपला तसा मी मामांना फोन लावला.

"मामा, सर्जाची घुंगरमाळ आहे का हो अजून?"

"ती व्हय? ट्रॅक्टर घेतला तवाच मोडीत घातली की. पितळंला भाव चांगला हुता."

"एक घुंगूर कमी होता का तिच्यात?"

"कोन मोजतंय! वजनावर दिली."

फोन ठेवला आणि उगाच खाशाबांचा वजनगट बघितला. ५७ किलो. मी हात पसरून बघितले. बायको म्हणाली, आळस देऊन झाला असेल तर चहा टाका.