आधी इंधन, मग गाडी: पहिली नायट्रो घेताना

पहिली नायट्रो आरसी गाडी, म्हणजे नायट्रो इंधनाच्या छोट्या इंजिनावर चालणारी रिमोट कंट्रोलची गाडी, घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी गाड्यांचे फोटो बघतात, टॉप स्पीड विचारतात आणि गाडी घरी आल्यावर इंधन शोधायला निघतात. हा क्रम उलटा हवा. इलेक्ट्रिक गाडीला चार्जर लावला की झालं, नायट्रोचं तसं नाही. तुमच्या भागात वर्षभर एकाच कंपनीचं, एकाच टक्क्याचं इंधन कुठून मिळेल हे आधी बघा. ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग), नीडलची (इंजिनात इंधन किती जावं हे ठरवणाऱ्या स्क्रूची) सेटिंग आणि हेडखालचे शिम (इंजिनच्या वरच्या झाकणाखालच्या पातळ चकत्या) त्याच्यावर ठरतात. दर वेळी वेगळी बाटली आली तर दर वेळी ट्यूनिंग पहिल्यापासून करावं लागतं, आणि नवशिक्याची बरीच इंजिनं तिथेच जातात.

बाटलीत असतं काय? मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. नाव नायट्रोचं असलं तरी सर्वांत जास्त असतं ते मिथेनॉल. २० टक्के नायट्रो आणि १२ टक्के तेल असं एक लिटर इंधन घेतलं तर त्यात ६८० मिली मिथेनॉल, २०० मिली नायट्रोमिथेन आणि १२० मिली तेल. रंगाला काही अर्थ नाही. गुलाबी, निळा, हिरवा रंग फक्त टाकीतली पातळी दिसावी म्हणून घालतात.

यातल्या तेलाकडे सर्वांत कमी लक्ष जातं, आणि इंजिन जगवतं ते तेलच. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, वंगणाची वेगळी सोय नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग यांना जे काही तेल मिळतं ते इंधनातूनच. शिवाय मिथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या जवळपास तिप्पट उष्णता ओढून घेतं, म्हणजे इंधन हेच इंजिनचं कूलंटही. म्हणून इंजिन लीन चाललं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलं, की दुहेरी मार बसतो: थंडावा कमी आणि तेलही कमी.

नवीन माणसाने १० ते १४ टक्के तेल असलेलं आणि त्यात थोडं एरंडेल असलेलं इंधन घ्यावं. होय, आपलंच एरंडेल. सिंथेटिक तेल स्वच्छ जळतं, पण इंजिन जास्त तापलं की त्याचा थर आधी जातो. एरंडेलाचा थर त्या उष्णतेतही धातूला चिकटून राहतो. त्याची किंमत म्हणजे पिस्टनवर आणि प्लगवर साठणारं तपकिरी किटण. ट्यूनिंग हाताशी बसेपर्यंत ही किंमत आनंदाने मोजावी. रेसिंगचं ८-९ टक्के तेलवालं इंधन सध्या दुकानातच राहू द्या.

आता नायट्रोमिथेन. हे स्वतःचा ऑक्सिजन बरोबर घेऊन येतं. एक भाग मिथेनॉल पूर्ण जाळायला वजनाने साधारण साडेसहा भाग हवा लागते, नायट्रोमिथेनला पावणेदोन भागही लागत नाही. त्यामुळे तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं, ताकद वाढते, आयडल (थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, न दाबता इंजिनचं मंद चालणं) स्थिर राहतं आणि नीडलची सेटिंग थोडी चुकली तरी इंजिन सांभाळून घेतं. पण टक्का वाढला की ज्वलन लवकर सुरू होतं आणि दाब वाढतो. म्हणून ३० टक्क्यांवर जाताना हेडखाली ०.१ मिमीचा एखादा शिम वाढवावा लागतो आणि १६ वर येताना काढावा लागतो. पहिल्या गाडीला २० टक्के उत्तम, १६ सुद्धा चालतं. ३० टक्के म्हणजे जादा पैसे आणि जळालेले प्लग.

युरोपात राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. तिथे वजनाने १६ टक्क्यांपेक्षा जास्त नायट्रोमिथेन असलेलं मिश्रण सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय मिळत नाही. इथे एक मेख आहे. नायट्रोमिथेन मिथेनॉलपेक्षा बरंच जड असल्यामुळे वजनाने १६ टक्के म्हणजे आकारमानाने जेमतेम १२ टक्के. लेबलवर टक्का वजनाचा आहे की आकारमानाचा, हे वाचल्याशिवाय दोन बाटल्यांची तुलना करू नका.

आपल्याकडे मॉडेल विमानांचं ग्लो इंधन त्या मानाने सहज सापडतं आणि मग तेच गाडीत घालायचा मोह होतो. त्यात तेल १८-२० टक्के आणि नायट्रो ५ ते १५ टक्के असतं. त्याने इंजिन मरणार नाही, पण आयडल डुलत राहील, थ्रॉटल दाबल्यावर गाडी अडखळेल आणि तुम्ही नीडल फिरवत बसाल. पेट्रोल मात्र कधीच नाही. ग्लो प्लगची प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या वाफेशी प्रक्रिया होऊनच लाल राहते, पेट्रोलला तिचा उपयोग नाही, आणि सिलिकॉनच्या नळ्या पेट्रोलमध्ये फुगतात. घरी मिश्रण करायच्या भानगडीतही पडू नका. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती याच मिथेनॉलमुळे. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात. नायट्राइलचे हातमोजे घाला, पाण्याच्या बाटलीत इंधन कधीही भरू नका आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात दिसतच नाही, तेव्हा शेजारी पाण्याची बादली भरलेली असावी. आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना 'एक बाटली आणा' म्हणू नका. ज्वलनशील द्रव विमानात केबिन बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही.

मिथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धा रिकामा, झाकण सैल असलेला डबा महिनाभरात बिघडतो. खूण अशी की कालपर्यंत ठीक असलेलं ट्यूनिंग आज लागत नाही, आयडल मध्येच वर-खाली होतं आणि काही दिवसांनी बेअरिंगला गंज दिसतो. ७५ मिलीची टाकी एका लिटरमधून तेरा वेळा भरते, एक टाकी दहा-बारा मिनिटं चालते. या हिशेबाने दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच घ्या. डबा अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा आणि वापरायच्या आधी हलवून घ्या.

इंधनाची सोय झाली, आता गाडी. १/१० स्केलची (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढी), .१८ घन इंच म्हणजे ३ सीसीच्या आसपासचं इंजिन आणि पुल स्टार्ट (दोरी ओढून इंजिन सुरू करायची सोय) असलेली ऑफ-रोड बग्गी किंवा ट्रक घ्या, रेडी-टू-रन म्हणजे जोडून तयार. १/१६ च्या चिमुकल्या नायट्रो स्वस्त दिसतात, पण इंजिन जितकं लहान तितकी नीडल नाजूक. १/८ बग्गी दणकट असते, पण टाकी १२५ मिलीची, आणि रेसिंगच्या इंजिनांना स्टार्टर बॉक्स (इंजिन बाहेरून फिरवून सुरू करणारी वेगळी पेटी) लागतो. ऑन-रोड गाडी आपल्या रस्त्यांवर पहिल्याच दिवशी पोटावर घासते.

कंपनी निवडताना गाडीपेक्षा सुट्या भागांची चौकशी करा. ट्रॅक्ससचा इलेक्ट्रिक स्टार्टर नवशिक्याला सोयीचा आहे, क्योशोची इन्फर्नो वर्षानुवर्षं टिकते, एचएसपीचे भाग स्वस्त पडतात पण धातू मऊ. काहीही घ्या, पण पैसे देण्याआधी पुढचा लोअर आर्म, स्टिअरिंग नकल, स्पर गिअर, क्लच बेल आणि पुल स्टार्टर हे पाच भाग किती दिवसांत आणि कितीला मिळतात ते विचारा. नेमक्या याच गोष्टी आधी तुटतात.

जुनी गाडी मिळत असेल तर इंजिन थंड असताना प्लग तसाच ठेवून फ्लायव्हील (इंजिनच्या दांड्यावरचं चाक) हाताने फिरवा. पिस्टन सर्वांत वर येताना ते घट्ट अडकायला हवं. पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) वरच्या बाजूला मुद्दाम किंचित निमुळती असते, ती चालू इंजिनाच्या उष्णतेने फुगून बरोबर मापात येते. फ्लायव्हील सहज गरगर फिरलं तर कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना तयार होणारा दाब) गेलेलं आहे. असं इंजिन थंड असताना सुरू होतं, गरम झाल्यावर बंद पडलं की पुन्हा उठत नाही. विक्रेत्याने इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंड होईपर्यंत थांबा.

गाडीबरोबर ग्लो इग्नायटर (सुरू करताना प्लगची तार तापवणारी बॅटरी), ५०० मिलीची इंधन भरायची बाटली, चार-पाच जादा मीडियम (मध्यम उष्णतेचे) प्लग, ८ मिमीचा प्लग पाना, एअर फिल्टर ऑइल, आफ्टर-रन ऑइल (गाडी चालवून झाल्यावर इंजिनात घालायचं तेल) आणि टेम्परेचर गन (लांबून तापमान मोजणारी) हवीच. गन नसेल तर हेडवर पाण्याचा एक थेंब टाका: तीन-चार सेकंदांत उकळून गेला तर ठीक, पडताक्षणी चर्र झालं तर इंजिन फार तापलंय. फोमच्या फिल्टरला तेल लावायला विसरू नका. आपल्या मैदानांवरची लाल धूळ कोरड्या फोममधून आत जाते आणि एका दुपारीत स्लीव्ह घासते. फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला की गाडी आपोआप थांबवणारी सोय, हीही तपासा. इंजिन बंद ठेवून रिमोट बंद करा, थ्रॉटलचा सर्व्हो (थ्रॉटल आणि ब्रेक हलवणारी छोटी मोटर) आपोआप ब्रेककडे गेला पाहिजे. तो गेला नाही तर गाडी चालवू नका.

ब्रेक-इनला, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवायला, घाई नको. नवं इंजिन थंड असताना पिस्टन इतका घट्ट असतो की दोरी ओढली तर कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. म्हणून हेअर ड्रायरने हेड ६० अंशांपर्यंत तापवा. दोरी एका वेळी ३० सेंमीच्या आत, झटक्याने ओढा. शेवटपर्यंत ओढली तर तुटते. दोरी एकदम अडकली तर जोर लावू नका, आत इंधन तुंबलंय. प्लग काढा, इग्नायटर बाजूला करा, गाडी उलटी धरून चार-पाच वेळा ओढा, इंधन बाहेर येईल.

पहिल्या दोन टाक्या स्टँडवर, कंपनीच्या रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) सेटिंगवर. दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा तेच. हेड ९० अंशांच्या आसपास हवं. फार रिच ठेवून ते ८० च्या खालीच राहिलं तर स्लीव्ह फुगतच नाही आणि पिस्टन तिचा वरचा भाग घासून काढतो. 'जपून' चालवलेली इंजिनं अशीही संपतात. पुढच्या तीन-चार टाक्या जमिनीवर, अर्ध्या थ्रॉटलपर्यंत दोन-दोन सेकंदांचे झटके देत. दर टाकीनंतर हाय-स्पीड नीडल (जास्त वेगातलं इंधन ठरवणारी) फेऱ्याचा बारावा भाग, म्हणजे घड्याळातला एक तास, आत घ्या, म्हणजे इंधन थोडं कमी होतं.

ट्यूनिंगची माझी पद्धत: आधी हाय-स्पीड नीडल, मग लो-स्पीड (कमी वेगातली), शेवटी आयडल स्क्रू. पूर्ण थ्रॉटलला मागे निळसर धुराची बारीक रेघ दिसायला हवी आणि तापमान ९५ ते ११५ च्या दरम्यान. मग गाडी आयडलवर उभी करून टाकीकडून येणारी नळी दोन बोटांत दाबून धरा आणि आवाज ऐका. तीन-चार सेकंदांत आवाज थोडा चढला आणि मग इंजिन बंद पडलं तर लो-स्पीड बरोबर. लगेच बंद पडलं तर लीन, कितीतरी वेळ चालत राहिलं तर रिच. जानेवारीच्या सकाळी हवा दाट असते, तेव्हा हाय-स्पीड एक तास बाहेर घ्या. मेमधल्या दुपारी किंवा महाबळेश्वरला तेवढीच आत. गोंधळ झाला की नेहमी रिचकडे.

प्लग काढून बघायची सवय लावा. तार ओली, राखाडी आणि चमकदार असेल तर सगळं जागेवर. पांढुरकी आणि वेडीवाकडी झाली असेल तर लीन किंवा शिम कमी. काळी असेल तर रिच.

दिवस संपला की एक्झॉस्टच्या तोंडावर जाड फडकं दाबून इंजिन बंद करा. नळी दाबून बंद केलं तर शेवटचे क्षण ते लीन चालतं. टाकी रिकामी करा, इग्नायटर लावून इंजिन पुन्हा सुरू करा आणि नळीतलं उरलेलं इंधन संपू द्या, कार्ब्युरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात चार-चार थेंब आफ्टर-रन ऑइल सोडा आणि दोरी काही वेळा ओढा. मग पिस्टन खाली असेल तेव्हा फ्लायव्हीलच्या वरच्या बाजूला मार्करने खूण करा. गाडी कपाटात ठेवताना ती खूण वर यायला हवी. पिस्टन वर अडकून थंड झाला तर स्लीव्ह त्याच्याभोवती आवळते आणि पुढच्या रविवारी दोरी हलत नाही.