मामाची पद्मिनी आणि दोन पोती चिपाडं

गाडी मामाच्या गुऱ्हाळावर अकरा वर्षं उभी होती. प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, आणि अवतीभवती चिपाडाचा ढीग. "न्हे की लेका, न्हाईतर भंगारात घालतो" असं मामा दर दिवाळीला म्हणायचा, गेल्या वर्षी त्यानं खरंच भंगारवाला आणून उभा केला, मग काय, टेम्पोच्या मागं बांधून आणली घरी.

आणायच्या आधीच डोक्यात सगळं फिक्स होतं. सस्पेन्शन खाली घ्यायचं, रुंद चाकं, काळाभोर रंग, आत दणकट म्युझिक, नाद खुळा एकदम!

मिस्त्री आले ते जुन्या स्पीकरचं चुंबक खिशात घालून. बॉनेटला चिकटलं, टपाला चिकटलं, दरवाजाखालच्या पट्टीला लावलं तर टप्पकन खाली. परत लावलं, परत खाली. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरनं तिथं टोचलं आणि लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायला पत्र्यावर थापतात त्या पुट्टीचा, हा एवढा अर्धा इंच जाड तुकडा बिस्किटासारखा हातात आला, कडेला रंगाचे थर मोजता येत होते, पांढरा, आकाशी, वर क्रीम. मागं पत्रा नव्हताच. कुणीतरी कधीतरी गंजावर नुसतीच लांबी थापून गाडी नवी केलेली.

फ्लोअरची तर गंमतच. उंदरांनी चिपाडं आत नेऊन सीटखाली संसार मांडलेला, ती ओल धरून बसली आणि पत्रा खाऊन टाकला. मॅट उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखालच्या भोकातून आमच्या अंगणातली फरशी दिसत होती. दोन पोती चिपाडं निघाली, खोटं सांगत नाही.

मग चाकांचे पैसे पत्र्यात गेले. वेल्डिंग पण सलग मारायचं नसतं, पत्रा तापून वाकतो, म्हणून इथं एक टिपका, तिथं एक टिपका, जरा गार होऊ द्यायचं, परत. फ्लोअरलाच तीन रविवार. रुंद चाकांबद्दल मिस्त्री एवढंच बोलले, "पॉवर स्टेअरिंग न्हाई हिला, वळवताना खांदं निघतील, आणि टायर मडगार्डला घासंल ते येगळंच." विषय संपला.

इंजिन त्या मानानं सोपं गेलं, कारण आपलं कोल्हापूरचं उद्यमनगर, सगळी वर्कशॉपंच. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं साधं इंजिन, मूळ बोअर, म्हणजे सिलेंडरचं भोक, ६८ मिलिमीटरचा, तो झिजून अंडाकृती झालेला. ब्लॉक रिक्षात घालून नेला, बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन बसवले, झालं. पुण्या-मुंबईची पोरं यासाठी महिनो‌न्‌महिने फिरतात म्हणे.

माती खाल्ली ती रंगात. भाड्यानं कंप्रेसर आणला आणि जुलैत, कोल्हापूरच्या जुलैत, पत्र्याच्या शेडखाली स्वतः लॅकर मारायला बसलो. सगळे नको म्हणत होते. थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि हवेतली ओल रंगावर बसते, हे मला नंतर कळलं, आधी दिसलं ते एवढंच की काळ्या बॉनेटवर दूध सांडल्यासारखा पांढरट ढग आला. आठवडाभर पॉलिश पेपर घासला. शेवटी दिवाळीनंतर रंगाऱ्याकडनंच करून घेतला आणि काळा नाही, क्रीम. लांबीच्या त्या तुकड्यात सगळ्यात वर जो होता तोच.

कस्टमाइज म्हणाल तर हेडलाईटला रिले टाकले, म्हणजे बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारे स्विच, आधी सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधनं फिरून यायचा आणि उजेड मेणबत्तीएवढा पडायचा, आणि पुढं सीटबेल्ट बसवले. म्युझिक नाही, एवढ्या इंजिनच्या आवाजात ऐकणार कोण?

परवा मामाला शेजारी बसवून पन्हाळ्याला नेलं. वाघबिळाच्या पुढं घाटात स्टेअरिंगवरचा गिअर सेकंडला ओढला आणि सोबत हवेचा फ्लॅप उघडला, तर आतनं फुर्रकन चिपाडाचा भुगा उडाला, सगळा मामाच्या पांढऱ्या शर्टावर.

"अजून हायच व्हय हे," मामा म्हणाला आणि शर्ट झटकायला लागला.