कान वाहतो, पण दुखत नाही

मुलगी एकोणीस वर्षांची, आईबरोबर रामबागेतून आली होती, ती चक्कर येते म्हणून. कानाचा विषय मीच काढला.

"कान ना? तो लहानपणापासूनच वाहतो, मॅडम. थेंब घातले की थांबतो, पावसाळा लागला की परत सुरू. दुखत मात्र कधीच नाही," आई म्हणाली.

इंदूरला प्रॅक्टिस करताना हे वाक्य मी सतत ऐकते आणि दर वेळी धसका घेते. पडद्याला मधोमध भोक असेल, पातळ आणि भरपूर स्राव येत असेल, तर धोका त्या मानाने कमी. पण थोडासाच, घाण वास येणारा स्राव असेल तर हाड खाणाऱ्या आजाराचा संशय घ्यायलाच हवा. न दुखणं हे त्यातलं सगळ्यात फसवं लक्षण, कारण त्यामुळेच घरच्यांची वर्षं निघून जातात.

मी तिच्या कानाच्या भोकासमोरचा उंचवटा बोटाने आत दाबला. तिने झटकन खुर्चीचा दांडा धरला. "सगळं फिरतंय!" तोल सांभाळणाऱ्या नळीवरचं हाड झिजून तिथे भोक पडलं असणार, हे तिथेच कळलं. मायक्रोस्कोपखाली पडद्याच्या वरच्या भागात खळगा आणि पांढरे पापुद्रे दिसले. कोलेस्टिॲटोमा. सीटी स्कॅनने शिक्कामोर्तब केलं.

हा कॅन्सर नव्हे. कानात भलत्या जागी गेलेली त्वचा, जिच्या मेलेल्या पेशी साचत राहतात आणि आजूबाजूचं हाड खात जातात. वर पातळ हाडापलीकडे मेंदू, शेजारून चेहऱ्याची नस. थेंबांनी स्राव थांबतो, गाठ जात नाही. ऑपरेशनच करावं लागतं.

"ऐकू येईल ना पण?" आईने विचारलं. मी स्पष्ट सांगितलं, "आधी कान सुरक्षित आणि कोरडा करायचा, ऐकण्याचं त्यानंतर. जमेल तेवढं करू." त्यांना ते आवडलं नाही, पण खोटी आशा दाखवणं मला पटत नाही.

कानामागे चीर घेऊन ड्रिलने हाड कोरत गेले. हाड तापू नये म्हणून पाण्याची धार सतत सुरू होती. गाठ उघडली, तर कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे. ऐरण, म्हणजे आवाज आत पोचवणाऱ्या तीन इवल्या हाडांतलं मधलं, जवळजवळ संपलेली. चेहऱ्याच्या नसेवरचं हाड एका ठिकाणी नव्हतंच; नस उघडी, फिकट गुलाबी दिसत होती. तिथे मी ड्रिल बाजूला ठेवला आणि बारीक हत्याराने केसाकेसाने त्वचा सोडवली. तोलाच्या नळीवरच्या भोकापाशी सक्शन न्यायचंच नव्हतं. तिथला शेवटचा पापुद्रा सगळ्यात शेवटी उचलला आणि लगेच कानावरच्या स्नायूचं आवरण त्यावर ठेवलं. आजार परत साठू नये म्हणून बाहेरून आत जाणाऱ्या कानाच्या नळीची मागची भिंतही काढली, त्यामुळे आत एक मोठी पोकळी झाली. त्या हाडांतलं शेवटचं, रिकीब, शाबूत होती, त्यामुळे त्याच आवरणाचा नवा पडदा थेट तिच्यावर टेकवता आला.

भूल उतरल्यावर पहिलं काम एकच, चेहऱ्याची नस चालते ना ते बघायचं. "डोळे घट्ट मीट. आता दात दाखव." दोन्ही बाजू सारख्या हलल्या. त्या क्षणी टेबलाभोवतालच्या सगळ्यांचेच खांदे सैल झाले.

चक्कर थांबली. पुढच्या तपासणीत ऐकणं सुधारलेलं दिसलं, पूर्ण नाही. आता ती ठरल्या वेळी कानातली ती पोकळी साफ करून घ्यायला येते. डोक्यावरून अंघोळ करायची असेल तर कानात व्हॅसलीन लावलेला कापूस. आजार परत आला नाही ना, हे बघायला पुढे एमआरआय करायचा आहे, आणि तारीख तिने स्वतःच मोबाइलमध्ये टाकून घेतली आहे.